दिराच्या जीपचे सुटे भाग

यल्लूआक्का पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. सुट्या भागांच्या दुकानात माणूस असा रिकाम्या हातानं येत नाही. तुटलेला पाटा, झिजलेलं बेअरिंग, निदान मोबाइलवर काढलेला फोटो तरी आणतो, काउंटरवर ठेवतो आणि "असलंच द्या" म्हणतो. आक्कानं काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवली, मागच्या फळ्यांवरच्या खोक्यांकडं बाजारात वांगी बघावीत तसं बघितलं आणि विचारलं,

"जुनी जीप हाय. फोर व्हीलची, डिझेल. पुढं काय मोडंल तिचं?"

"आता काय मोडलंय?"

"आता काय न्हाय मोडलं. म्होरलं सांग की."

मला वाटलं, गाडीची काळजी घेणारी बाई दिसते. बेळगावातलं हे दुकान वडिलांचं; भावांना तेलकट हात नको होते, मला चालत होते, म्हणून ते माझ्याकडं आलं. इतक्या वर्षांत मोडायच्या आधी सामान घेणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. मी खुशीनं सांगितलं, या जुन्या जीपचे आधी जॉइंटचे क्रॉस जातात, मग क्लच प्लेट, मग मागच्या एक्सलमधला क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांना फिरवणारी दातेरी जोडी.

"क्रॉस हाईत तुझ्याकडं?"

"आहेत. एक देऊ?"

"समदे दे."

खोकी रिकामी करून मी सामान पिशवीत भरलं. "गाडी तुमचीच ना?" मी सहज विचारलं.

"माझीच. पर चालवतोय दीर." तिनं पिशवी उचलून वजन बघितलं. "आता कसा चालवतोय बघू."

तिचं गाव नंदगडच्या पलीकडं, जंगलाला टेकलेलं. डांबर संपल्यावर पुढचा रस्ता पावसाळ्यात तांबडा चिखल आणि वर उघडा खडक. नव्या गाड्या तिथं रुततात. ही जीप जायची. तिच्या नवऱ्यानं, भरमाण्णानं, ती भंगारातून उचलून आणली होती आणि दोघांनी मिळून उभी केली होती; तो गाडीखाली आणि ही टॉर्च धरून बाजूला. चालवायलाही त्यानंच शिकवलं. भाताची पोती, काजूची पोती, बाळंतपणाच्या बायका, सगळं त्या जीपमधून जायचं, आणि निम्म्या वेळा चाकावर आक्का असायची.

भरमाण्णा गेला. बाराव्याच्या जेवणाला पाहुणे जमलेले असताना धाकटा दीर नारायण अंगणातल्या जीपमध्ये जाऊन बसला. आक्का उष्ट्या पत्रावळींची पाटी घेऊन वाटेत उभी होती. त्यानं हॉर्न वाजवला. ती बाजूला झाली. जीप गेली ती समोरच्या त्याच्या अंगणात, आणि तिथंच राहिली.

"येक डाव इचारायचं हुतं," आक्का मला सांगायची. "वैनी, न्हेऊ का? न्हे म्हटली असती. बिनडोक्याचा हॉर्न वाजवतोय. म्हशीला वाजवत्यात तसा."

याहून जास्त वाईट ती त्याच्याबद्दल कधी बोलली नाही. "नाराण चांगला हाय," असंच म्हणायची. "दारू न्हाय, पत्ते न्हाईत. हॉर्न तेवढा वाजवला." सणाला तिच्या घरच्या पोळ्या समोरच्या घरी जायच्या. पुतण्यांच्या अंगावरचे स्वेटर तिनं विणलेले. पोरांनी काय केलंय, म्हणायची. तिचा राग कुठं सांडत नव्हता. तो सगळा एका माणसावर होता.

माझा एक मावसभाऊ बेळगावच्या कोर्टात वकील आहे. त्याला मी दुकानात बोलावून आक्काशी गाठ घालून दिली. गाडी अजून भरमाण्णाच्याच नावावर आहे, आक्का वारस आहे, सरळ काम आहे, असं त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. चहात बुडवलेलं बिस्किट खाऊन झाल्यावर विचारलं,

"कोर्टानं जीप मिळंल?"

"मिळेल की."

"आनि नाराण? त्यो माझ्या दारात यील?"

"तो कशाला येईल? पोलीस गाडी आणून देतील."

"मग न्हाय जमत," आक्का म्हणाली. "त्यानं यायला पायजे. मागायला पायजे. जीप काय, नंतर बघू."

मावसभाऊ मला म्हणाला, ही बाई हट्टी आहे. मला ती हिशेबी वाटली. आपल्याला नेमकं काय हवंय हे माहीत असलेली माणसं मी धंद्यात फार थोडी पाहिली आहेत. क्षमा करून टाक म्हणणारी पुष्कळ भेटतात; त्यातल्या बहुतेकांचं काही गेलेलं नसतं.

तिची पद्धत अशी. जीप समोरच्या अंगणात असल्यामुळं आक्काला ती रोज सुरू होताना, चढ चढताना, परत येताना ऐकू यायची. आवाजात फरक पडला की ती बस धरून बेळगावला. माझ्या शेजारी गफूरभाईंचं गॅरेज आहे. त्यांना हाक मारून ती दुकानाच्या मधोमध उभी राहायची आणि जीपचा आवाज काढायची.

"सुरू करताना खर्रर. मग गप. मग परत खर्रर, आनि धरतीया."

"सेल्फचा दात गेलाय," गफूरभाई म्हणायचे.

"उतारावर पाय सोडला की ऊंऽऽऊं करतीया. पाय दिला की गप."

"गाडी किती वेगात असताना?"

"बैल पळतोय तेवढी."

"मग पिनियनचं बेअरिंग."

गिऱ्हाइकं हसायची. पन्नाशी उलटलेली, नऊवारीतली बाई क्लच घसरल्याचा आवाज काढते म्हटल्यावर हसणारच. तिला त्याचं काही नव्हतं. निदान झालं की ती भाग आहे तेवढा उचलायची, मग शहरातली बाकीची दुकानं, मग निपाणी. नारायणचा माणूस दोन-चार दिवसांनी यायचा तोवर फळी रिकामी. "संपलं," मी सांगायची. खोटं काहीच नव्हतं त्यात.

सामान घेताना ती प्रत्येक लोखंडी वस्तू कमरेच्या किल्लीनं वाजवून बघायची. चिरलेलं लोखंड बद्द वाजतं, हे तिला नवऱ्यानं शिकवलेलं. घरी नेऊन गिअर आणि बेअरिंगं लोणच्याच्या बरण्यांत शेंगतेलात बुडवून ठेवायची, गंज लागू नये म्हणून. पहिल्या वर्षी तिनं इंजिनखालची रबरंही त्याच बरणीत घातली. ती फुगून भज्यांसारखी झाली. "खायला दे आता नाराणला," मी म्हटलं. ती हसली नाही. रबर पावडर लावून कोरड्यात ठेवायचं असतं हे तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि परत ती चूक केली नाही.

एकदा मात्र मी तिला ओळखण्यात चुकले. या मॉडेलच्या ब्रेकचं सामान यायचं बंद होणार, असं मला कळलं होतं. ती आली तेव्हा मी स्वतःच खोकं पुढं केलं. "हे घे. हे मिळालं नाही तर तो दारात लोळत येईल."

तिनं खोकं माझ्याकडं ढकललं. "ब्रेकचं न्हाय घेनार. स्टेरिंगचं बी न्हाय. त्ये त्यालाच दे."

"का गं? दया आली?"

"कसली दया? मेला म्हंजे मागायला कोन यील?"

तिनं ते खोकं माझ्याकडून त्याच्यासाठी राखून ठेवायला लावलं आणि दोन आठवड्यांनी त्यानं नेलं का याची चौकशीही केली. त्या दिवसानंतर तिच्या सामानात हात आखडता घ्यायचा विचार माझ्या मनात आला नाही.

बेळगावची फळी संपली तशी ती कोल्हापूरपर्यंत पोचली. एकदा मलाही तिकडं काम होतं म्हणून माझ्या गाडीतून घेऊन गेले. येताना मागच्या सीटवर गिअरांचं पोतं. कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं गाडी थांबवली आणि पोत्यावर काठी टेकवून कन्नडमध्ये विचारलं, यात काय आहे.

"नम्म मैदुनन एलुबु," आक्का शांतपणे म्हणाली. आमच्या दिराची हाडं.

त्यानं पोत्याचं तोंड उघडून आत हात घातला आणि कोपरापर्यंत ग्रीस लावून बाहेर काढला. मग त्याला हसू आलं. "दीर फार जाड होता वाटतं," तो कन्नडमधूनच म्हणाला. "अजून हाय," आक्का म्हणाली. "थोडा थोडा न्ह्यायलेय."

निपाणीत मात्र दोघं समोरासमोर आले. तंबाखूच्या गोदामांच्या मागं जुन्या गाड्या तोडणाऱ्याचं आवार आहे. तिथं एक मागचा एक्सल आल्याचं मला कळलं होतं, आणि तो आक्काला काहीही करून हवा होता. का, ते तिनं तेव्हा सांगितलं नाही. एक्सल टेम्पोत चढत असतानाच नारायण आवारात आला. पांढरा शर्ट, हातात झिजलेला पिनियन, आणि तोंडावर बस बदलत आलेल्या माणसाचा वैताग.

"वैनी? तुमी हितं?"

"तंबाखू बघायला आले."

त्यानं टेम्पोकडं बघितलं. "ह्यो एक्सल कुनी घेतला?"

"मी."

"तुमाला कशाला लागतोय त्यो?"

"पावनं आलं की बसायला."

आवारवाला तोंड फिरवून हसला. नारायणच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसली. "गाडी हुभी हाय माझी, वैनी."

"कुनाची?"

 "तुमची," एवढं तो बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. त्याऐवजी तो माझ्याकडं वळला. "बाई, तुमी शिकलेल्या हाईसा. तुमी तरी सांगा ह्यांना."

"मी दुकानदार आहे," मी म्हटलं. "घेऊ नका म्हणून गिऱ्हाइकाला सांगणं माझ्या धंद्यात बसत नाही."

"जा नाराण," आक्का म्हणाली. "बस चुकंल."

परत येताना तिनं एक्सलचं कारण सांगितलं. जीप उभी करताना भरमाण्णाला मूळ एक्सल मिळाले नव्हते. त्यानं पुढचा आणि मागचा, दोन्ही एका दुसऱ्याच मोडीतल्या गाडीचे बसवले. त्यांच्या दात्यांचं प्रमाण वेगळं. बाहेरून बघून कळत नाही. दाते मोजले तरच कळतं, आणि ते मोजले तेव्हा टॉर्च आक्कानं धरला होता. निपाणीचा हा एक्सल तसल्याच दात्यांचा होता. नारायणला ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्यानं कधी विचारलंच नव्हतं, आणि ती सांगणार नव्हती.

व्हायचं ते पावसाच्या तोंडावर झालं. नारायणच्या मुलानं जीपचं मॉडेल टाकून नवी क्राऊन-पिनियनची जोडी ऑनलाइन मागवली आणि खानापूरच्या कुणा मेकॅनिककडून मागच्या एक्सलात घालून घेतली. बसली छान. साध्या रस्त्यावर पळायलाही लागली, कारण तिथं फक्त मागची चाकं ओढतात. पण फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी जुळावा लागतो. नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरंच, आणि दोघांचं भांडण दोन्हींना जोर वाटून देणाऱ्या मधल्या गिअरपेटीत, ट्रान्सफर केसमध्ये, मिटतं.

आक्काचा फोन आला. "सुमन, उतारावर आवाज बदललाय. नवी जोडी घातली त्यानं."

"सांगितलंस त्याला?"

"इचारलं न्हाय त्यानं."

"आक्का, खडकावर फोर व्हील टाकलं की केस फुटेल."

"फुटू दे. मानूस न्हाय मरत त्यानं. गफूरभाईला इचारून घेतलंय मी."

गावाच्या अलीकडच्या चढावर, चिखल संपून खडक लागतो तिथं, केस फुटली. जीप बैल लावून घरी आणली. मेकॅनिकनं येऊन दाते मोजले तेव्हा कुठं नारायणला फरक कळला. पाऊस लागला. डेअरीला जाणारे दुधाचे कॅन लोक डोक्यावर घेऊन डांबरापर्यंत चालू लागले आणि चालता चालता नारायणला शिव्या देऊ लागले. त्याचा माणूस माझ्याकडं आला, मग मुलगा, मग तो स्वतः. पावसानं निथळत काउंटरसमोर उभा राहिला.

"बाई, बेळगावात न्हाय, निपानीत न्हाय, कोल्हापुरात न्हाय. ह्या जीपचं सामान गेलं कुठं समदं?"

"तुमच्या समोरच्या घरात," मी म्हटलं.

तो माझ्या मागच्या रिकाम्या फळीकडं बघत राहिला. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

त्याच आठवड्यात आक्कानं मला जेवायला बोलावलं. "नाराण येनार हाय," एवढंच म्हणाली. पाणी भरताना त्याच्या बायकोनं तिला सांगितलं होतं. मी डांबरापाशी गाडी लावून चिखलातून चालत गेले. तिच्या घरात पहिल्यांदा आत पाऊल टाकलं आणि धंद्यातली असूनही थक्क झाले. भाताच्या कणगीमागं एक्सल, शिंकाळ्यावर क्लच प्लेटी, फडताळात बरण्यांमागं बरण्या. पोहे कुठं ठेवतेस, मी विचारलं. "खाटंखाली," म्हणाली.

नारायण आला तो एकटा नव्हता. सोबत थोरले आप्पा होते, भावकीतले सर्वांत वडीलधारे. आक्कानं आप्पांना पाट दिला, नारायणला उंबऱ्याबाहेर पोतं अंथरलं, दोघांना चहा दिला आणि स्वतः उंबऱ्याच्या आत बसली.

"वैनी, सामान पायजे हुतं," नारायण म्हणाला.

"कसलं?"

"ट्रान्सफर केसचं गिअर. आनि मागची जोडी. जुन्या दात्याची."

"हाय की. कंच्या जीपला?"

"आपल्या."

"आपल्या म्हंजे?"

"यल्लू, दे की आता," आप्पा मध्ये पडले. "गावाची अडचन हाय."

"आप्पा, च्या निवतोय तुमचा."

आप्पांनी बशी तोंडाला लावली. 

"दादाच्या जीपला," नारायण म्हणाला.

"दादा हाईत का तुझे?"

"न्हाईत."

"मग?"

तो कपात बघत राहिला. वळचणीचं पाणी पडत होतं. समोरच्या घराच्या खिडकीत त्याची बायको उभी होती, दोन घरांच्या पडव्यांत शेजारी काही काम नसताना येऊन बसले होते.

"तुमच्या," तो म्हणाला.

"म्होट्यानं बोल. पाऊस हाय."

"तुमच्या जीपला, वैनी."

"आसं व्हय?" आक्का उठली. "मग माझ्या जीपला सामान मी घालीन की. तुला कशाला पायजे?"

आप्पांना ठसका लागला. नारायणनं कप खाली ठेवला, उठला आणि अंगण ओलांडून घरी गेला. अर्ध्या वाटेवर थांबून त्यानं मुलाला हाक मारली आणि बैल सोडायला सांगितलं. जीप समोरच्या अंगणातून आक्काच्या अंगणात ओढत आली ती आम्ही जेवायला बसायच्या आत. तिनं मला आग्रह करून जास्त भात वाढला.

गफूरभाई चार दिवस तिच्याकडं राहिले. पावसात ताडपत्री बांधून त्यांनी केस उघडली, जुन्या दात्यांची जोडी घातली, क्रॉस बदलले. टॉर्च आक्काच्या हातात. तिथल्या तिथं, हात लांब केला की भाग हजर. असं काम आयुष्यात केलं नाही, असं गफूरभाई अजून सांगतात.

"झालं का समाधान?" मी तिला फोनवर विचारलं होतं.

"निम्मं," ती म्हणाली.

आता आक्का माझ्या दुकानात येत नाही. तिला लागेल ते सगळं तिच्या घरात आहे. एक गिऱ्हाईक गेलं, एवढंच माझं नुकसान.

तिला शेवटची पाहिली ती नंदगडला बाजाराच्या दिवशी. मी रस्त्याकडेला भाजी घेत होते. जीप येताना ओळखली. गुरगुर एकसारखी, कुठं खडखड नाही. चाकावर आक्का, पदर खोचलेला. शेजारची सीट रिकामी. मागं दुधाच्या कॅनांच्या मधोमध, दोन्ही गुडघे छातीशी घेऊन, नारायण. इस्त्रीचा शर्ट, नजर तळव्यांकडं.

तिनं गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. घरची चौकशी झाली. मग मी हळूच विचारलं, "दिराला पुढं का बसवत नाहीस? सीट मोकळी आहे."

"पुढं टपाची सावली पडतीया," आक्का म्हणाली. "मागची ताडपत्री काढलीया मी. मागं बसला म्हंजे मानसांस्नी नीट दिसतोय."

नारायणनं ऐकलं असणार. मधे फक्त एक लोखंडी पत्रा होता. त्यानं मान वर केली नाही.

आक्कानं गिअर टाकला. डेअरीकडं जायचा सरळ रस्ता समोर मोकळा होता. तिनं स्टेरिंग डावीकडं वळवलं आणि बैल चालतोय त्या वेगानं जीप भर बाजारात घातली.